उशिरां येणारें प्रौढपण

मनुष्य प्रौढ झाला असें केव्हां म्हणावें? कायद्यापुरतें या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. आपल्या देशांत इ. स. १८७५ च्या कायद्याप्रमाणें सामान्यतः १८ वर्षें पुरीं होतांच मनुष्य सज्ञान ठरतो. मत देण्याचा अधिकार पूर्वीं २१ व्या वर्षीं मिळत असे. १९८९ पासून तोहि १८ व्या वर्षीं मिळूं लागला. परंतु कायदा अधिकार देतो, तो पेलण्याचें बळ देत नाहीं. पन्नाशी उलटूनहि आपल्या चुकीचें खापर दुसऱ्याच्या माथीं फोडणारे गृहस्थ आपण पाहतोंच. आपल्या वागण्याची जबाबदारी आपण होऊन घेणें, यासच आम्ही प्रौढपण म्हणतों. तें एका दिवसांत येत नाहीं. आणि तें येण्याची वेळ टळून गेली, असेंहि कधीं होत नाहीं.

पार्वतीबाई आठवले यांच्या चरित्रांत ही गोष्ट स्पष्ट दिसते. त्यांचा जन्म १८७० सालीं कोंकणांत झाला. अकराव्या वर्षीं लग्न, विसाव्या वर्षीं वैधव्य आणि पदरीं एक लहान मूल. लग्न कोणाशीं व्हावें, विधवेनें कसें राहावें, हें सारें वडील माणसांनीं व रूढीनें आधींच ठरविलेलें होतें. वयानें त्या मोठ्या झाल्या, तरी स्वतः निर्णय करण्याची संवय त्यांस लागावी कशी? पुढें अण्णासाहेब कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे पार्वतीबाईंच्या भगिनी, यांच्या आधारानें त्या पुण्यास आल्या आणि पंचविशी उलटल्यावर शिकूं लागल्या. मग कर्व्यांच्या आश्रमांत त्यांनीं काम पत्करलें. आश्रमासाठीं वर्गणी मिळविण्यास त्या गांवोगांव हिंडल्या व अनोळखी लोकांपुढें बोलूं लागल्या. केशवपनाची चालहि त्यांनीं विचारपूर्वक सोडली. १९१८ सालीं, वयाच्या ४८ व्या वर्षीं, इंग्रजी शिकण्यासाठीं त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथें लोकांच्या घरीं घरकाम करून राहिल्या. १९२८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘माझी कहाणी’ या पुस्तकांत त्यांनीं आपला वृत्तान्त सांगितला आहे. अमेरिकेचा प्रवास सर्वांच्या डोळ्यांत भरतो. परंतु त्याआधीं अक्षर गिरविणें, हिशेब ठेवणें, चार माणसांत तोंड उघडणें, अशा लहान लहान पायऱ्या त्या कित्येक वर्षें चढत होत्या, हें विसरूं नये.

लहान बदल अंगवळणीं कसा पडतो, याविषयीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील संशोधकांनीं २०१० सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. ९६ स्वयंसेवकांनीं प्रत्येकीं एक साधी गोष्ट निवडली. उदाहरणार्थ, दुपारच्या जेवणाबरोबर फळ खाणें. ती त्यांनीं रोज त्याच प्रसंगीं करावयाची होती. प्रसंग आला कीं कृति आपोआप घडावी, या अवस्थेस पोंचण्यास सुमारें ६६ दिवस लागतात, असें दिसून आलें. मात्र कोणास १८ दिवस पुरले, तर कोणास २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्यानें फारसें बिघडलें नाहीं, हेंहि त्यांत आढळलें. म्हणून आठवड्यांत फळ दिसलें नाहीं तर निराश होऊं नये, आणि एक दिवस खंड पडला म्हणून संकल्प टाकूं नये.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस आरंभ करण्यास अठराव्या वाढदिवसाची वाट पाहावयास नको. जेवण होतांच आपलें ताट आपण घांसावें. मिळालेल्या पैशाचा हिशेब रात्रीं वहींत लिहावा. हातून कांहीं मोडलें तर कोणी विचारण्यापूर्वींच सांगावें. यांतील एकच गोष्ट घ्या, पण ती सोडूं नका.

पालकांसहि आमची एक विनंति आहे. मुलाचें दप्तर रोज आपणच भरून दिलें, तर त्याला विसरण्याची जाणीव व्हावी कोठून? त्याचें काम त्याच्यावर सोंपविणें हा पालकांनीं स्वतःमध्यें करावयाचा बदल आहे, आणि तो पुष्कळदां मुलाच्या बदलाहून कठीण असतो. तसेंच आपलें चुकलें असतां मुलापाशीं तें कबूल करण्यांत कमीपणा नाहीं. चूक पदरीं कशी घ्यावी, हें मूल घरांतच शिकतें.

“आमचें वय आतां शिकण्याचें राहिलें नाहीं,” असें कित्येक पालक म्हणतात. ठाणें जिल्ह्यांतील फांगणे गांवीं ८ मार्च २०१६ रोजीं आजीबाईंची शाळा निघाली. साठी उलटलेल्या ज्या स्त्रियांनीं जन्मभर कागदावर अंगठा उठविला, त्या तेथें पाटीवर आपलें नांव लिहूं लागल्या. ज्यांच्या घरांत अशी एखादी आजी किंवा आई असेल, त्या मुलांनीं आज सायंकाळींच तिच्यापुढें पाटी ठेवावी. तिचें नांव तिच्या हातानें लिहिलें जाईपर्यंत रोज थोडा वेळ तिच्याजवळ बसावें. त्यायोगें दोघेंहि थोडींथोडीं मोठीं होतील.