बोलका संगणक

पहाटेपासून यंत्रमागांची खटखट ज्या गल्ल्यांतून ऐकू येते, त्या आमच्या वडगावात यंत्राचे नवल कोणास वाटणार? तरीही गेल्या काही आठवड्यांत एका जुन्या यंत्राने आम्हांस बरेच शिकविले, ते वाचकांस सांगावेसे वाटते.

विणकर घराण्यातील एक तरुण आमच्या परिचयाचा आहे. बालपणीच त्याची दृष्टी गेली. ब्रेल तो उत्तम वाचतो. खिशातला फोनही त्याच्याशी बोलतो. परंतु अर्ज, पत्रे आणि अभ्यासाची टिपणे फोनच्या काचेवर बोट फिरवून किती लिहावी? संगणक घेण्यास तो गेला, तेव्हा अंधांसाठी लागणारा कार्यक्रम संगणकाहून महाग पडेल, असे एका विक्रेत्याने त्यास सांगितले, आणि तो निमूटपणे परतला.

हे सांगणे खरे नव्हते. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली आरंभिलेला आणि जेम्स तेह या दुसऱ्या अंध मित्राच्या साहाय्याने वाढविलेला एनव्हीडीए हा कार्यक्रम विंडोजवर फुकट मिळतो. पण आमच्या कचेरीतील जो जुना संगणक आम्ही त्यास देऊ केला, त्यास नवे विंडोज पेलवेना. म्हणून आम्ही लिनक्सकडे वळलो. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने याचा गाभा रचला. त्याची घडण सर्वांस खुली आहे. कोणीही ती पाहावी, सुधारावी, वाटावी.

लिनक्सवर पडदा वाचून दाखविणाऱ्या कार्यक्रमाचे नाव ऑर्का. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत तो तयार झाला आणि २००६ साली ग्नोम या कार्यपटलाचा भाग बनला. पडद्याकडे तो आपल्यासारखा 'पाहत' नाही. येथे बटण आहे, येथे मजकूर आहे, असे प्रत्येक कार्यक्रम त्यास आतून कळवितो. ऑर्का ते शब्द ई-स्पीक नावाच्या वाचेकडे सोपवितो. जोनाथन डडिंग्टन यांनी घडविलेली ही वाचा यंत्रासारखीच रुक्ष आहे, हे कबूल केले पाहिजे. पण अंध माणसे ती इतक्या वेगाने ऐकतात की, आम्हांस त्यातला एक शब्दही कळत नाही!

आम्ही डेबियन ही लिनक्सची आवृत्ती निवडली, त्यास कारण आहे. संगणक सुरू होताच आरंभीच्या यादीवर 'एस' कळ दाबून एंटर दाबले की, स्थापनेचे प्रश्नही संगणक बोलून विचारतो. पर्यायांचे क्रमांक सांगतो, तो क्रमांक टंकावा. डोळस माणसाची गरज नाही. आमचा तरुण स्वतः बसला. मागांच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून कानाला हेडफोन लावले. आम्ही शेजारी बसून केवळ चहा प्यालो.

खरी अडचण पुढे आली. मराठी पत्र उघडताच तो हसू लागला. "फादर, हे तर मराठी हिंदीवाल्यासारखं वाचतंय!" वाचा इंग्रजीची निवडलेली होती, आणि देवनागरी दिसली की ती हिंदी समजत होती. इन्सर्ट कळ धरून स्पेस दाबल्यावर ऑर्काची मांडणी उघडते. तेथे मराठी वाचा निवडली आणि दोष गेला. कन्नडचीही वाचा त्यातच आहे. आमच्या सीमाभागात घरचे पत्र मराठीत आणि सरकारी कागद कन्नडात. तेव्हा दोन्ही हव्यातच.

लिहिण्यासाठी त्यास इन्स्क्रिप्ट शिकविले. ज्या कळीवर मराठीत 'क' उमटतो, त्याच कळीवर कन्नडातही 'क' उमटतो. बोटांस एकदा वळण लागले की दोन्ही लिपी साधतात. ब्रेलची गोष्टही अशीच. १९५१ साली भारती ब्रेल ठरली, तेव्हा आपल्या भाषांतील समान ध्वनींस समान ठिपके मिळाले. त्यामुळे हा विचार त्याला नवा नव्हता, आम्हांलाच होता.

याने पोट भरेल काय, असे त्याच्या वडिलांनी विचारले. प्रश्न रास्त होता. आम्ही त्यांस मुंबईचे कृष्णकांत माने यांचे नाव सांगितले. ते स्वतः दृष्टिहीन. ग्नूखाता हा हिशेबाचा मुक्त कार्यक्रम त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. वडील काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी संगणकासाठी त्यांनी एक मेज आणून ठेवले.

एवढे झाल्यावर त्याने आमच्या कचेरीतील सणाच्या कार्यक्रमाची फाईल मागितली. ती उघडली, तर संगणक अर्थहीन इंग्रजी अक्षरे बरळू लागला. दोष आमचा होता. वर्षानुवर्षे आम्ही जुन्या फॉन्टमध्ये टंकलेखन केले. त्यात संगणकाच्या पोटी इंग्रजी अक्षरेच साठतात; त्यांवर देवनागरीचे रूप चढविलेले असते, एवढेच. डोळ्यांस ते फसविते, कानांस नाही. युनिकोडमध्ये लिहिलेले मात्र तो सहज वाचतो. फोनवर आम्ही सूचनांची छायाचित्रे पाठवितो, त्यांपुढे तर ऑर्का गप्पच बसतो. टेसरॅक्ट नावाचा मुक्त कार्यक्रम छापील मराठी व कन्नड चित्रांतून अक्षरे काढून देतो खरा, पण आम्हीच सरळ लिहिले असते तर त्यास हा खटाटोप का पडता?

गेल्या रविवारी कार्यक्रमाची ती संपूर्ण सूचना आम्ही युनिकोडमध्ये पुन्हा टंकली आणि त्यास पाठविली. सायंकाळी त्याचे उत्तर आले. शुद्धलेखनाच्या तीन चुका त्याने ऐकूनच काढल्या होत्या.