घरी परतल्यानंतरची झोप

चंडीगड येथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था १९६२ साली स्थापन झाली, आणि १९६७ साली संसदेच्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. पंजाब, हरियाणा व हिमाचल प्रदेशातून हृद्रोगी तेथे उपचारांसाठी येतात. अशा एखाद्या रुग्णालयातून वृद्ध रुग्ण घरी परतला, की घरच्या मंडळींना हायसे वाटते. परंतु दोन-चार रात्रींतच ध्यानात येते, की आजोबांचा डोळ्याला डोळा लागत नाही. ‘वय झाले, झोप कमी व्हायचीच,’ असे म्हणून ती गोष्ट बहुधा सोडून दिली जाते. हे योग्य नव्हे.

रुग्णालयातील रात्र ही खरी रात्र नसते. दिवे जळत असतात, यंत्रे वाजत असतात, रक्तदाब पाहण्यासाठी परिचारिका येऊन जाते. अंधार पडला म्हणजे मेंदूतील एक लहानशी ग्रंथी मेलॅटोनिन नावाचे द्रव्य स्रवते. १९५८ साली येल विद्यापीठातील ॲरन लर्नर यांनी ते प्रथम वेगळे केले. रात्रीच्या प्रकाशाने हा स्राव मंदावतो, आणि हृद्रोगावरील काही बीटा-रोधक औषधांनीही तो घटतो. येलचेच हृद्रोगतज्ज्ञ हार्लन क्रुमहोल्झ यांनी २०१३ साली दाखवून दिले, की अमेरिकेत सरकारी विम्याखालील सुमारे एक पंचमांश रुग्ण घरी गेल्यावर तीस दिवसांच्या आत पुन्हा रुग्णालयात येत. त्याच्या कारणांत त्यांनी झोपमोडीचीही गणना केली.

मात्र सारा दोष रुग्णालयावर टाकून चालणार नाही. हृदय दुर्बल असले, की आडवे होताच पायांत साचलेले पाणी रक्तावाटे छातीकडे परतते आणि फुप्फुसांत दाटी होते. रुग्ण तासा-दोन तासांनी घाबरा होऊन उठून बसतो. बसल्यावर त्याला बरे वाटते. दुसरा प्रकार श्वासाच्या लयीचा. श्वास खोल होत जातो, पुन्हा उथळ होतो, काही सेकंद थांबतो, आणि तेच चक्र फिरून सुरू होते. डब्लिनचे वैद्य जॉन चेन यांनी १८१८ साली व विल्यम स्टोक्स यांनी १८५४ साली त्याचे वर्णन केले. रक्त मंद वाहू लागल्याने फुप्फुसांतील बदलाची वार्ता मेंदूतील श्वसनकेंद्राला उशिरा पोहोचते, हे त्याचे एक कारण होय. रुग्णाला स्वतःला याचा पत्ता नसतो. तो शेजारी निजणाऱ्यालाच दिसतो.

म्हणून उशा किती लागतात, जाग केव्हा येते, श्वास थांबतो काय, हे घरच्यांनी टिपून डॉक्टरांना सांगावे. लघवी वाढविणारे औषध संध्याकाळी घेतले जात असेल, तर तेही विचारावे. वेळ बदलणे पुष्कळदा शक्य असते, पण ती आपल्या मनाने बदलू नये. शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी तर मुळीच नको. तिने वृद्धांचा तोल जातो, भ्रम होतो, आणि श्वासाचा मूळ दोष तसाच राहतो. धाप अकस्मात वाढली, तर सकाळची वाट पाहू नये.

दिवसाचा उजेड हेही औषधच आहे. चंडीगडमध्ये १९५८ साली बांधलेल्या सुखना तलावाच्या काठी सकाळी वृद्ध फिरताना दिसतात. डॉक्टरांची अनुमती असेल, तर तितके चालणे उत्तम. डिसेंबरात तेथील दिवस दहा तासांहून किंचितच मोठा असतो आणि धुकेही पडते. अशा वेळी ऊन वर आल्यावर खुर्ची अंगणात मांडावी, आणि दुपारची डुलकी अर्ध्या तासाहून लांबू देऊ नये.