विश्लेषण : नेलपॉलिशने नखे खराब होतात का? घरच्या मॅनिक्युअरमध्ये नेमके काय चुकते?

श्रावण लागला की दादरच्या रानडे रोडवर आणि गिरगाव-भुलेश्वरच्या गल्ल्यांत बांगड्या, टिकल्या, गजऱ्यांच्या शेजारी नेलपॉलिशच्या बाटल्यांचे ट्रे दिसू लागतात. मंगळागौर, गौरी-गणपती आणि मग नवरात्रीचे नऊ रंग. साडीच्या रंगाप्रमाणे नखांचा रंगही बदलत राहतो. पार्लरचा खर्च आणि रांग टाळून अनेक जणी हे काम घरीच उरकतात. दिवाळीपर्यंत मात्र नखे पिवळी पडलेली, टोकाशी पापुद्रे सुटलेली दिसतात आणि सगळा दोष रंगाला दिला जातो. प्रत्यक्षात नखांचे बरेचसे नुकसान रंग लावण्याने होत नाही. ते होते आधीच्या तयारीत आणि नंतर रंग काढताना. शिवाय काही वेळा नखावर रंग नसणेच गरजेचे असते.

नेलपॉलिशमध्ये काय असते?

साध्या नेलपॉलिशचा मुख्य घटक म्हणजे नायट्रोसेल्युलोज. कापूस किंवा लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून ते तयार होते. इथाइल अ‍ॅसिटेट आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेट या द्रावकांत ते विरघळवले जाते. त्यात चिकटपणासाठी राळेसारखा घटक, लवचीकपणासाठी प्लास्टिसायझर आणि रंगद्रव्य मिसळतात. नखावर लावल्यावर द्रावक उडून जातात आणि मागे पातळ पापुद्रा उरतो. बाटलीचा तो ओळखीचा वास या द्रावकांचाच असतो.

मूकपटांच्या काळातील फिल्मही याच नायट्रोसेल्युलोजची असे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला गेला, तो अशाच फिल्मवर. त्या फिल्म झटकन पेट घेत, म्हणून त्या जपणे जिकिरीचे होते. नेलपॉलिश आणि रिमूव्हरही तितकेच ज्वालाग्राही असतात. त्यामुळे देव्हाऱ्यातील निरांजन, उदबत्ती किंवा पेटत्या गॅसजवळ बसून नखे रंगवू नयेत. चाळीतील एका खोलीत स्वयंपाक आणि साजशृंगार शेजारी-शेजारी चालतो, तिथे तर हे कटाक्षाने पाळावे. खिडकी उघडी ठेवावी, शक्य असल्यास गॅलरीत बसावे.

भारतीय नेलपॉलिशचे मुंबईशी नाते काय?

परदेशी सौंदर्यप्रसाधनांना देशी पर्याय म्हणून टाटा समूहाने १९५२ मध्ये मुंबईत ‘लॅक्मे’ची सुरुवात केली. लिओ दलीब या फ्रेंच संगीतकाराच्या १८८३ मधील संगीतिकेचे हे नाव आणि त्याचे मूळ ‘लक्ष्मी’त आहे. सिमोन टाटा १९६१ मध्ये कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालक आणि १९८२ मध्ये अध्यक्ष झाल्या. लिपस्टिक आणि नेलपॉलिश या वस्तू नाटक-सिनेमातील नट्यांपुरत्या न राहता मध्यमवर्गीय घरातील कपाटापर्यंत पोहोचल्या, त्यात या नाममुद्रेचा मोठा वाटा होता. १९९८ मध्ये टाटांनी हा व्यवसाय हिंदुस्तान लिव्हरला विकला.

नखांना ‘श्वास’ घेऊ द्यावा लागतो का?

नाही. नखाचा जो भाग आपण रंगवतो तो केराटिन या प्रथिनाचा निर्जीव पत्रा असतो. नख वाढते ते मुळाशी, त्वचेखाली. तिथे प्राणवायू आणि पोषण रक्तातून पोहोचते. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. म्हणजे पूर्ण नवे नख यायला सुमारे सहा महिने लागतात. पायाच्या अंगठ्याला तर वर्ष ते दीड वर्ष. आज झालेली इजा दिवाळीनंतरही दिसत राहते, ती यामुळेच.

तरीही अधूनमधून नखे मोकळी ठेवावीत. रंग कित्येक आठवडे तसाच ठेवून मग काढला की नखावर पांढरट, खरखरीत चट्टे दिसतात. तो वरच्या थरातील केराटिन उखडल्याचा परिणाम असतो. गडद लाल रंगामुळे नखे पिवळी पडतात, तो डागही नख वाढेल तसा पुढे सरकत निघून जातो. लिंबू चोळून किंवा फायलरने घासून तो घालवायचा प्रयत्न केला तर नख आणखी पातळ होते. रंगाखाली आधी बेस कोटचा थर दिला तर डाग पडत नाही.

घरी मॅनिक्युअर करताना क्रम कोणता असावा?

सर्वांत मोठी चूक सुरुवातीलाच होते. कोमट साबणाच्या पाण्यात हात दहा-पंधरा मिनिटे बुडवायचे आणि पुसून लगेच रंग लावायचा, ही सर्रास दिसणारी पद्धत आहे. नख पाणी शोषून किंचित फुगते. वाळल्यावर ते पूर्ववत होते, पण वरचा रंगाचा थर त्याबरोबर आकसत नाही. मग दुसऱ्याच दिवशी टोकाशी टवके उडतात. हात भिजवायचे असतील तर ते आदल्या रात्री, खोबरेल तेल लावण्यापूर्वी भिजवावेत. रंग नेहमी कोरड्या नखांवर लावावा.

नखे कापल्यावर फायलर एकाच दिशेने फिरवावा. करवतीसारखे पुढे-मागे घासल्यास टोकाचे थर सुटतात. नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी, म्हणजे क्युटिकल, कापू नये. नख आणि त्वचा यांमधील फट तिने बंद केलेली असते. ती कापली की जंतूंना आत जायला वाट मिळते आणि बोटाला नखुरडे होते. तेल लावून मऊ झालेली कातडी ओल्या फडक्याने हलकेच मागे सारली तरी पुरे.

त्यानंतर रिमूव्हरच्या बोळ्याने नखावरचे तेल पुसून घ्यावे. मग बेस कोट, रंगाचे दोन पातळ थर आणि वरून टॉप कोट. दोन थरांमध्ये दोन-तीन मिनिटे जाऊ द्यावीत. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर लवकर वाळतात आणि जास्त टिकतात. प्रत्येक थराचा ब्रश नखाच्या कडेवरूनही एकदा फिरवावा, कारण टवका उडायला सुरुवात तिथूनच होते. बाटली जोरजोरात हलवली तर हवेचे बुडबुडे रंगात उतरतात. त्याऐवजी ती दोन्ही तळव्यांत धरून फिरवावी.

पावसाळ्यात रंग लवकर का वाळत नाही?

वरून कोरडा वाटणारा रंग आतून घट्ट व्हायला काही तास लागतात. मुंबईच्या दमट हवेत आणखी एक अडचण येते. द्रावक उडताना थर थंड होतो, त्यावर हवेतील बाष्प जमते आणि रंगावर धुरकट पांढरी छटा येते. बोटे वेगात फिरणाऱ्या पंख्याखाली धरल्यास हे वाढू शकते. थंड पाण्यात बोटे बुडवण्याच्या युक्तीने वरचा थर लवकर घट्ट वाटतो, पण आतला मऊच राहतो. म्हणून रात्रीची भांडी घासून, सगळी कामे आटोपून रंग लावावा आणि झोपण्यापूर्वी त्याला पुरेसा वेळ द्यावा.

दुसऱ्या दिवसापासून भांडी-धुणे करताना रबरी हातमोजे घातले तर रंग आणि नख दोन्ही टिकतात. लालबागमधून आणलेला मसाला किंवा हळद हाताळायची असेल तर फिक्या रंगांवर पिवळा डाग बसतो, तेव्हा गडद छटा बरी. मोदकाची उकड मळताना किंवा पुरणपोळीची कणीक तिंबताना टवका उडालेले नख नको. टवका पदार्थात जाऊ शकतो आणि लांब नखाखाली मळ साचतो. स्वयंपाकाच्या हातांची नखे आखूड असणेच चांगले.

रंग काढताना काय चुकते?

सुटलेला टवका दुसऱ्या नखाने खरवडून काढण्याची सवय बहुतेकींना असते. रंगाबरोबर नखाचा वरचा थरही निघतो आणि पापुद्रे सुटू लागतात. रिमूव्हरने भिजवलेला कापसाचा बोळा नखावर दहा-वीस सेकंद दाबून ठेवावा आणि मग मुळाकडून टोकाकडे एकदाच ओढावा. अ‍ॅसिटोन रंग झटपट काढते, पण नख आणि त्वचा कोरडी करते. ‘अ‍ॅसिटोन-फ्री’ रिमूव्हरमध्ये सहसा इथाइल अ‍ॅसिटेट असते. ते सौम्य असले तरी जपून वापरायचे द्रावकच आहे. कोणतेही रिमूव्हर वापरल्यानंतर हात धुऊन खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावावी. बाटली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये.

घरच्या जेल किटबाबत सावधगिरी कशासाठी?

जेल पॉलिश द्रावक उडून वाळत नाही. दिव्याच्या अतिनील किरणांनी त्यातील अ‍ॅक्रिलेट रेणू एकमेकांत गुंफले जाऊन ते कडक होते. दिवा कमी शक्तीचा असेल किंवा थर जाड असेल, तर आतले जेल कच्चे राहते. ते वारंवार त्वचेला लागल्यास कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते. अशा व्यक्तीला पुढे काही दातांच्या उपचारांत वापरली जाणारी अ‍ॅक्रिलेटयुक्त द्रव्येही चालत नाहीत. युरोपीय संघाने ‘हेमा’ या अ‍ॅक्रिलेट गटातील घटकाचा नखांवरील वापर व्यावसायिकांपुरता मर्यादित केला आहे. जेल कडक करण्यास मदत करणाऱ्या ‘टीपीओ’ या घटकावर तर १ सप्टेंबर २०२५ पासून तिथे बंदी आहे. घरी जेल वापरायचेच असेल तर ते त्वचेला लागू देऊ नये, किटसोबतचाच दिवा वापरावा आणि जेल ओढून काढू नये.

साध्या नेलपॉलिशचीही अ‍ॅलर्जी होते. गंमत म्हणजे ती बोटांवर न दिसता पुष्कळदा पापण्यांवर किंवा मानेवर खाज आणि पुरळ होऊन दिसते, कारण ओला रंग तिथे हाताने लागतो.

बाटली विकत घेताना काय पाहावे?

‘सौंदर्यप्रसाधने नियम, २०२०’ नुसार वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी असावी लागते. आयात मालावर नोंदणी क्रमांक हवा. रंगासाठी शिसे किंवा आर्सेनिकची संयुगे वापरण्यास मनाई आहे. रस्त्यावरच्या स्वस्त बाटलीवर यातले काही छापलेले नसेल तर आत काय आहे हे कळायला मार्ग नाही. टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटाइल थॅलेट हे तीन वादग्रस्त घटक नसलेली बाटली निवडणे चांगले. घट्ट झालेल्या रंगात रिमूव्हर ओतू नये, त्याने थर ठिसूळ होतो. त्यासाठी पॉलिश थिनर मिळतो.

रुग्णालयात जाताना रंग का काढायला सांगतात?

परळच्या केईएममध्ये शस्त्रक्रियेसाठी किंवा नौरोसजी वाडिया प्रसूतिगृहात सिझेरियनसाठी दाखल होणाऱ्या महिलेला नखे रंगवलेली नसावीत. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त प्रकाश नखातून आरपार पाठवून रक्तातील प्राणवायू मोजतो. काळा, निळा, हिरवा असे गडद रंग त्या प्रकाशात अडथळा आणू शकतात. जेल किंवा कृत्रिम नखे ऐनवेळी पटकन निघत नाहीत. शिवाय नखाखालचा गुलाबी रंग निळसर होतो आहे का, हेही डॉक्टर पाहतात. शस्त्रक्रियेची तारीख किंवा प्रसूती जवळ आली की रंग घरीच काढून ठेवावा.

शेजारच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणाऱ्यांना वेगळी काळजी घ्यावी लागते. पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल यांसारख्या औषधांनी नखे काळवंडतात, दुखतात, कधी सुटून येतात. या काळात क्युटिकल कापणे, जेल आणि कृत्रिम नखे टाळावीत. साधा रंग लावावा का, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे.

कोणत्या खुणा रंगाखाली झाकू नयेत?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. लोहाची कमतरता दीर्घकाळ राहिल्यास नखाखालचा भाग फिका पडतो, काहींची नखे चमच्यासारखी खोलगट होतात. मात्र नखे ठीक दिसतात म्हणजे रक्तक्षय नाही, असे समजू नये. खात्री रक्ततपासणीनेच होते.

दादरच्या फुलबाजारात ओले गजरे ओवणाऱ्या किंवा मासळी साफ करणाऱ्या महिलांचे हात दिवसभर पाण्यात असतात. त्यांच्या नखाशेजारी सूज, लाली, पू दिसला तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. नख जाड, पिवळे आणि भुसभुशीत होत असेल तर बुरशीची शक्यता असते. सावळ्या त्वचेत अनेक नखांवर तपकिरी रेघा असणे बहुधा निरुपद्रवी असते. पण एकाच नखावर नव्याने आलेली आणि रुंद होत जाणारी काळी रेघ ताबडतोब त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावी, ती क्वचित कर्करोगाची खूण असते. मधुमेहींनी पायाची नखे सरळ कापावीत, कोपरे कोरू नयेत.

रंग लावण्यात गैर काही नाही. फक्त एक रंग काढून दुसरा लावण्याआधी दिवसाच्या उजेडात दहाही नखे एकदा नीट पाहून घ्यावीत. घरच्या मॅनिक्युअरमधला हा भाग फुकट होतो आणि तोच सहसा राहून जातो.