बंद गाठोड्याची बोली : क्रीडा-स्मृतिवस्तूंच्या ऑनलाइन लिलावाविषयी

करोंदच्या मंडीत गव्हाचे पोते घेताना आपल्यापैकी कोणीही व्यापारी वानगी पाहिल्यावाचून भाव बोलत नाही. परखी पोत्यात खुपसावी, मूठभर दाणा तळहातावर घ्यावा, तो दाताखाली फोडून पाहावा आणि मगच तोंड उघडावे, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. परंतु याच घरांतील तरुण मंडळी रात्री जेवणे आटोपल्यावर मोबाइलवर ‘जुन्या क्रीडा-वस्तूंचा मिस्ट्री लॉट, आत काय आहे ते उघडल्यावर कळेल’ अशी जाहिरात वाचतात आणि न पाहिलेल्या मालावर हजारो रुपयांची बोली लावून मोकळी होतात. या व्यापारात नफा कोणाच्या पदरी पडतो आणि भोपाळसारख्या हॉकीच्या गावाचा त्याच्याशी काय संबंध पोहोचतो, हे सभासद बंधुभगिनींपुढे थोडे विस्ताराने मांडण्याचा आमचा विचार आहे.

खेळाडूने वापरलेली, त्याने सही केलेली अगर एखाद्या गाजलेल्या सामन्याशी निगडित असलेली कोणतीही चीज या सदरात येते. बॅट, चेंडू, हॉकीची काठी, ब्लेझर, पदक, छायाचित्र, फार काय, सामन्याचे फाटके तिकीटसुद्धा. या मालाची किंमत लाकडात वा कापडात नसते. 2021 साली पंतप्रधानांना मिळालेल्या भेटवस्तूंचा ऑनलाइन लिलाव झाला, त्यात नीरज चोप्राने दिलेल्या भाल्याला दीड कोटी रुपये आले आणि तो भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने घेतला. तशाच बनावटीचा नवा भाला त्याच्या अगदी अल्पांश किमतीत मिळतो. मग उरलेले पैसे कशाचे? ते भाला कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, या उघड्या आणि सर्वांना ठाऊक असलेल्या साखळीचे. आपल्या सराफ बंधूंना हे पदकाच्या उदाहरणाने लवकर पटेल. ऑलिंपिकचे सुवर्णपदक निव्वळ सोन्याचे असण्याची प्रथा 1912 च्या स्टॉकहोम स्पर्धेबरोबर संपली. त्यानंतरची ‘सुवर्णपदके’ म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदी. मुशीत घातले तर चांदीचा भाव येईल, आणि विजेत्याचे नाव मात्र धुरात जाईल.

या दृष्टीने पाहता आमचे शहर श्रीमंत आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघात भोपाळचे अहमद शेर खाँ आणि अहसन मोहम्मद खाँ होते. अहमद शेर खाँ यांचे चिरंजीव अस्लम शेर खाँ 1975 साली क्वालालंपूर येथे विश्वचषक जिंकणाऱ्या संघात खेळले. उपांत्य सामन्यात मलेशियाविरुद्ध अखेरच्या मिनिटांत त्यांनी केलेला बरोबरीचा गोल अजूनही ऐशबागच्या मैदानाशेजारी चहाच्या टपरीवर ऐकावयास मिळतो. भोपाळकडून खेळलेले लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन यांनी 1948 साली लंडनला भारताकडून सुवर्ण आणि 1956 साली मेलबर्नला पाकिस्तानकडून रौप्यपदक मिळविले. एकाच माणसाच्या नावे दोन देशांच्या वस्तू असू शकतात, हे ज्याला ठाऊक नाही तो खरी वस्तू खोटी म्हणून फेकून देईल, आणि ज्याला ठाऊक आहे तो ती रद्दीच्या भावाने उचलील. ज्ञान हेच येथले भांडवल.

आता बंद लॉटकडे वळू. बंद लॉट खरेदीदाराला बंद असतो, विक्रेत्याला नव्हे. गाठोडे बांधणाऱ्याने ते आधी उघडून पाहिलेले असते आणि जी वस्तू एकटी विकून चार पैसे अधिक देईल ती त्याने बाजूला काढलेली असते. राहिलेल्या मालात छापील सह्यांच्या छोट्या बॅटी, शाळा-कॉलेजांच्या स्पर्धांचे बिननावाचे कप, जाहिरातीसाठी वाटलेली चित्रे आणि एखादी बरी दिसणारी वस्तू. ही एक वस्तू जाहिरातीच्या चित्रात सर्वांत वर ठेवलेली असते, हे सांगणे नकोच.

दुसरी गोष्ट बोलीच्या गणिताची. 1971 साली अमेरिकेतील एका तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी समुद्रातील तेलक्षेत्रांच्या लिलावाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. जमिनीखाली काय आहे हे कोणालाच दिसत नाही, तेव्हा जो सर्वांत जास्त चुकतो तोच बोली जिंकतो, असे त्यांनी दाखवून दिले. समजा एका गाठोड्याची खरी किंमत चार हजार आहे. पाच जणांनी आपापला अंदाज केला : दोन, तीन, चार, पाच आणि सहा हजार. सरासरी अगदी बरोबर आली, पण माल गेला सहा हजारवाल्याकडे. त्यावर लिलावगृहाचे खरेदीदाराकडून घेतले जाणारे कमिशन असते. ते वीस टक्के धरले तरी रक्कम सात हजार दोनशे होते. टपालखर्च निराळा, आणि माल परदेशातून आला तर जकात निराळी. चार हजारांच्या मालाला जवळजवळ दुप्पट दाम मोजून वर ‘लिलाव जिंकला’ म्हणून मंडळी पेढे वाटतात!

कायदा आपल्या पाठीशी कितपत उभा राहतो, हेही पाहिले पाहिजे. 1930 च्या मालविक्री कायद्यात वानगीवरून केलेल्या विक्रीला कलम 17 चे संरक्षण आहे : वानगी एक आणि माल दुसरा निघाला तर खरेदीदाराला दाद मागता येते. बंद लॉटमध्ये वानगीच नसते. वर्णनावरून केलेल्या विक्रीला कलम 15 लागू पडते, म्हणून चतुर विक्रेता वर्णन मुळी करतच नाही आणि ‘माल जसा आहे तसा’ एवढे लिहून मोकळा होतो. लिलावासाठी कलम 64 आहे. हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते, आणि आगाऊ जाहीर न करता विक्रेत्याने स्वतः अगर हस्तकाकरवी बोली चढविली असेल तर तो व्यवहार खरेदीदार फसवणूक म्हणून धरू शकतो. पडद्याआड कोणी बोली चढविली हे सिद्ध करणे मात्र अवघड, कारण समोर चेहरेच नसतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याकडे धाव घ्यावी तर तेथे आणखी एक अडसर आहे. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा मनुष्य त्या कायद्याने सामान्यतः ग्राहकच ठरत नाही. व्यापारी म्हणून गाठोडे घेतले, तर व्यापारी म्हणूनच निस्तरावे लागते.

‘सोबत अस्सलपणाचे प्रमाणपत्र’ या शब्दांवर काही जण फार विसंबतात. अमेरिकेत 1990 च्या दशकात केंद्रीय तपास खात्याने ‘ऑपरेशन बुलपेन’ या नावाने खोट्या सह्यांच्या धंद्याचा माग काढला, तेव्हा सह्यांइतकीच प्रमाणपत्रेही बनावट निघाली. कागदाला कागद साक्षी ठेवून भागत नाही.

त्यापेक्षा आपल्या दुकानातील साधने बरी. नोटा तपासण्याचा जांभळा दिवा जवळजवळ प्रत्येक गल्ल्याशेजारी असतो. त्याच्या प्रकाशात जुने छायाचित्र धरावे. कागद निळसर पांढरा चमकू लागला, तर तो साधारणपणे 1950 नंतरचा समजावा, कारण कागद उजळ करणारी रसायने त्या सुमारास वापरात आली. मग खाली 1936 लिहिलेले असो की आणखी काही. सराफाच्या भिंगातून सही पाहावी. बारीक ठिपके दिसले तर ती छापलेली आहे. बॉलपेन दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बाजारात आले, तेव्हा बर्लिनच्या काळची म्हणून दाखविलेली बॉलपेनची सही निदान त्या काळची नव्हे. हॉकीची जुनी काठी तुतीच्या लाकडाची असते. खेळाच्या सामानाचा मोठा धंदा फाळणीपूर्वी सियालकोटला होता आणि 1947 नंतर त्यातले कारागीर व कारखानदार जालंधर, मेरठकडे आले. म्हणून ‘तीस सालची काठी’ म्हणून आलेल्या लाकडावर जालंधरचा शिक्का असेल तर दोन प्रश्न अधिक विचारावे. ज्यांना खऱ्या वस्तूंवर नजर बसवायची आहे त्यांनी पुण्यास गेल्यावेळी ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेट संग्रहालय पाहावे. 2012 साली सचिन तेंडुलकर यांच्या हस्ते उघडलेल्या या जागी थोर खेळाडूंच्या बॅटी ओळीने पाहावयास मिळतात.

इतके करूनही कोणास बंद लॉट घ्यावासा वाटला, तर आमचे मत असे की त्याची बोली रद्दी, लाकूड आणि पितळ यांच्या वजनी भावावर थांबवावी. आत काही निघाले तर तो लाभ, न निघाले तर भंगारवाला आहेच. यापुढची प्रत्येक शंभराची नोट ही करमणुकीच्या खात्यात मांडावी, दुकानाच्या खात्यात नव्हे.

खरेदीपेक्षा अधिक काळजी आम्हांस विक्रीच्या बाजूची वाटते. थोर हॉकीपटू बलबीरसिंग सीनियर यांनी 1985 साली आपली छत्तीस पदके, अनेक छायाचित्रे आणि मेलबर्न ऑलिंपिकचा ब्लेझर नियोजित संग्रहालयासाठी भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या स्वाधीन केला. 2012 मध्ये लंडन ऑलिंपिकच्या निमित्ताने या वस्तूंची आठवण निघाली, तेव्हा त्यांचा ठावठिकाणा लागेना. एवढ्या मोठ्या माणसाच्या वस्तूंची ही गत, तर जुन्या भोपाळातील एखाद्या घराच्या माळ्यावरच्या ट्रंकेचे काय होत असेल? घर पाडायला निघते, भाऊ वाटण्या करतात, ट्रंक किलोच्या भावाने जाते. काठी एका गाठोड्यात, चित्र दुसऱ्यात, आणि काठी कोणाची हे सांगणारे पत्र रद्दीत. ज्या क्षणी पत्र आणि काठी वेगळी झाली, त्या क्षणी दोन्हींची किंमत गेली, आणि पुढे कितीही पैसे मोजले तरी ती परत येत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या पेढीवर जुना माल येतो, पुष्कळांच्या शेजारी हॉकीपटूंची घरे आहेत. अशा घरातून वस्तू घेताना ट्रंक फोडून विकू नये, अख्खी घ्यावी. एका को‍ऱ्या कागदावर वस्तूचे वर्णन, ती कोणाची, कोणत्या स्पर्धेची, घरात कशी आली आणि हे सांगणारी व्यक्ती कोण, एवढे लिहून त्या व्यक्तीची सही आणि तारीख घ्यावी. वस्तू हातात घेतलेल्या त्या व्यक्तीचे छायाचित्र काढावे आणि घरच्या जुन्या चित्रात तीच वस्तू दिसत असेल तर त्याचीही नक्कल ठेवावी. हे काम घरातील वडील माणसे बोलती आहेत तोवरच करावयाचे आहे.