मृगाची साल, दिवाळीचे उटणे

दिवाळीच्या उटण्यात पडणारी संत्र्याची साल दिवाळीच्या संत्र्याची नसते. विदर्भात संत्र्याला दोन बहार. हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा आंबिया साधारण दिवाळीपासून डिसेंबरपर्यंत तोडणीला येतो, तर पावसाच्या तोंडावर फुलणारा मृग फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये हाती येतो. नरक चतुर्दशीच्या पहाटे लागणारे उटणे आश्विनातच दळून व्हावे लागते. तेव्हा आंबियाचे फळ नुकते बाजारात डोकावत असते, त्याची साल वाळवायला सवड कुठली? म्हणून साल धरायची ती मृगाची, होळीच्या आगेमागे. तिथून दिवाळीपर्यंत सात-आठ महिने आणि त्यात आख्खा पावसाळा. विदर्भाच्या उन्हात साल वाळवणे कुणालाही जमते. ती पुढचे चार महिने दमट हवेतून कोरडी बाहेर काढणे हे या कामातले खरे कौशल्य आहे.

हिंगणी हे वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले गाव. बोर नदीवरचे धरण आणि बोरचे जंगल इथून हाकेच्या अंतरावर. या जंगलाला 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याचे नाव घेतले जाते. सफारीला येणाऱ्यांना हिंगणी वाटेवरचे गाव म्हणून ठाऊक असते. उटण्याच्या दृष्टीने मात्र ते अगदी मोक्याच्या जागी वसलेले आहे. एका अंगाला कारंजा (घाडगे), आर्वी, आष्टी हे जिल्ह्यातले संत्र्याचे तालुके आणि त्यांना लागून काटोल-वरूडचा मोठा बागायती पट्टा. दुसऱ्या अंगाला समुद्रपूर तालुक्यातली वायगावची हळद, जिला भौगोलिक मानांकन आहे. नागपुरी संत्र्यालाही ते आहे. आणि हा सगळा टापू गवळाऊ गाईचा, म्हणजे उटणे कालवायला लागणारी साय घरचीच. नागरमोथा, वाळा, कचोरा काष्ठौषधींच्या दुकानातून आणावा लागतो, पण साल, हळद आणि साय जिल्ह्याबाहेर शोधायला नको.

नागपुरी संत्र्याची साल सुटी असते. देठाकडे अंगठा खुपसला की दोन-तीन तुकड्यांत ती निघून येते आणि फोडीला नखही लागत नाही. हाच गुण सालीच्या कामी येतो, कारण सोलताना रस लागलेली साल चिकट राहते, लवकर काळी पडते आणि तिच्यावर माश्या बसतात. ताजी साल उजेडाकडे धरून पाहावी. केशरी पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात, त्या तेलाच्या पिशव्या. साल दुमडून दिव्याच्या ज्योतीजवळ दाबली की बारीक तुषार उडतात आणि तडतडत पेट घेतात. हे सालीतले सुगंधी तेल. त्यात सर्वांत मोठा वाटा लिमोनिन नावाच्या द्रव्याचा. आतला पांढरा, कापसासारखा थर पेक्टिनचा आणि हेस्पेरिडिनसारख्या द्रव्यांचा. उटण्याला वास देतो तो केशरी थर. पांढऱ्या थरात ओल जास्त धरून राहते, म्हणून तो चमच्याच्या कडेने जमेल तेवढा खरवडून काढला की साल लवकर वाळते.

सोलण्याआधी फळ धुवायचे. बागेत फवारण्या झालेल्या असतात आणि लांबच्या बाजारासाठी पॅक होणाऱ्या फळावर मेणाचा पातळ थर दिलेला असतो. कोमट पाण्यात फळे चोळून धुवावीत, फडक्याने कोरडी करावीत आणि मगच सोलावीत. ओळखीच्या बागेतले, बाजाराची वाट न पाहिलेले फळ मिळाले तर उत्तमच. डाग पडलेली साल चालते, मऊ पडलेली किंवा हिरवट-पांढरी बुरशी धरलेली चालत नाही. तसला एक तुकडाही टोपल्यात ठेवू नये.

वाळवणाबद्दल दोन मते ऐकू येतात. काहीजणी साल सरळ गच्चीवर कडक उन्हात टाकतात. ती दोन दिवसांत वाळते, पण रंग उडतो आणि तेलही उन्हाबरोबर जाते. मार्चमधली विदर्भाची हवा इतकी कोरडी असते की सावलीत, वारा खेळत्या ओसरीवर, सुपात किंवा बाजेवर धोतर पसरून टाकलेली सालसुद्धा आठवडाभरात खडखडीत होते, आणि तिचा वास टिकतो. मला सावलीची रीत अधिक पटते. पहिले काही तास ऊन दाखवावे, म्हणजे वरची ओल निघते, आणि मग सावलीत आणावे. साल वाळली की नाही हे ओळखायची खूण एकच: वाकवली तर ती लवचिकपणे वळू नये, कट् असा आवाज होऊन तुटावी. एक किलो संत्र्यांमागे साधारण पाव किलोच्या आसपास ओली साल निघते आणि वाळल्यावर ती पाऊण पट घटते. म्हणजे हाती येते जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम. तरी घरातल्या उटण्याला एवढी पुरते.

पुढचा टप्पा पावसाळ्याचा. साल अखंड ठेवायची, पूड करायची नाही. पूड केली की तेलाच्या पिशव्या फुटतात, वास महिन्या-दोन महिन्यांत उतरतो आणि पूड हवेतली ओल चटकन ओढते. घट्ट झाकणाची काचेची बरणी किंवा स्टीलचा डबा हवा, तोही उतरंडीच्या तळाशी नको. पावसात डबा उघडायचा मोह टाळायचा. उघडलाच तर कोरड्या हाताने, आणि तुकडा मोडून पाहायचा. तो लवला तर तव्यावर मंद आचेवर क्षणभर शेकून, गार करून परत ठेवायचा. कुबट वास आला तर हळहळ न करता सगळा डबा उकिरड्यावर ओतायचा. पाऊस सरला की आश्विनातले ऊन येते. दसऱ्यानंतर साल पुन्हा एकदा ताटात पसरून ऊन दाखवावे आणि त्याच दिवशी दळायला घ्यावी.

पिठाच्या चक्कीवर साल देता येत नाही, कारण पुढच्या दळणाला तिचा वास लागतो. खलबत्त्यात कुटून मिक्सरमधून काढतात. मात्र तेवढ्यावर थांबले तर उटण्याची घासणी होते. वाळलेली साल कणखर असते आणि तिच्या जाडसर कणांना धारदार कडा असतात. ते चेहऱ्यावर चोळले की कातडीवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात. म्हणून पूड वस्त्रगाळ करायची. जुन्या मलमलीचा तुकडा पातेल्याच्या तोंडावर ताणून बांधायचा, वर मूठभर पूड टाकायची आणि बोटांनी हलकेच फिरवत राहायचे. कापडावर राहिलेली भरड परत कुटायची. तयार पूड दोन बोटांत चोळली की कचकच लागता कामा नये. या कामाला वेळ लागतो, आणि घरचे उटणे चांगले की वाईट हे इथे ठरते.

उटण्यात ही साल कधी मुख्य घटक नसते. बैठक असते मसुराच्या किंवा हरभऱ्याच्या पिठाची आणि मुलतानी मातीची. त्यात हळद किंवा आंबेहळद, नागरमोथा, कचोरा, वाळा, गुलाबाच्या पाकळ्या. दहा वाट्यांत साल एक वाटी, फार तर दीड. नाजूक कातडीच्या माणसासाठी त्याहून कमी. पाणी किंवा दूध आधी घालून ठेवायचे नाही. कोरडी पूड टिकते, कालवलेले उटणे दुसऱ्या दिवशी आंबते.

अभ्यंगाचा क्रमही या सामानाला धरूनच आहे. आधी कोमट तेलाने अंग मळायचे, मग उटणे. तेलाने कातडी मऊ होते आणि सालीतल्या तिखट द्रव्यांना सरळ तिला भिडता येत नाही. पीठ आणि माती जास्तीचे तेल व मळ शोषून घेतात, आणि पाण्याने ते सगळे वाहून जाते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंगानंतर उद्वर्तन, म्हणजे अंगाला पूड चोळणे, सांगितले आहे, तोच हा क्रम. साल अंगावर राहते ती काही मिनिटे. या थोडक्या वेळातच तिचा सगळा शहाणपणा आहे.

आजकाल हा क्रम मोडून साल वापरायचे सल्ले फार मिळतात. साल उकळून ते पाणी रात्रभर चेहऱ्यावर ठेवा, सालीचे तेल थेट लावा, लिंबाची साल गालावर घासा. यांतले एकही करू नये. लिंबाचा रस कातडीच्या स्वाभाविक आम्लतेपेक्षा शेकडो पटींनी आंबट असतो. कागदी लिंबाच्या सालीत फ्युरोकुमारिन नावाची द्रव्ये असतात, ती अंगावर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. युरोपात बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचे तेल घातलेले कोलोन मानेवर लावून उन्हात गेलेल्यांच्या गळ्यावर ओघळाच्या आकाराचे डाग उमटत, आणि त्वचारोगाच्या पुस्तकांत त्या विकाराला वेगळे नाव मिळाले. संत्र्याच्या सालीत ही द्रव्ये फार कमी, म्हणून उटण्यासाठी तीच निवडावी. तिच्यातले लिमोनिनही हवेने जुने झाले की काहींना खाज आणि पुरळ आणते. युरोपच्या नियमांनुसार अंगावर राहणाऱ्या प्रसाधनात लिमोनिन 0.001 टक्क्यांहून जास्त असेल तर ते वेष्टनावर लिहावे लागते, धुऊन टाकायच्या वस्तूला ही मर्यादा 0.01 टक्के आहे. धुऊन टाकणे किती मोलाचे हे त्या दहापट सवलतीतून कळते. वर्षाहून जुनी साल म्हणूनच वापरू नये आणि नवे उटणे आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी.

उटण्याने रंग उजळत नाही. वाळवलेल्या सालीत क जीवनसत्त्वही फारसे उरत नाही, उष्णतेने आणि हवेने ते जाते. उरतो सुगंध, मळ काढण्याचा गुण आणि सणाच्या पहाटेचा आनंद. एवढे पुरेसे आहे, आणि ते खरे आहे.

वर्ध्याला टाकाऊतून उपयोगी वस्तू करण्याचा वारसा मोठा आहे. गांधीजींनी 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन केला, त्याचे केंद्र वर्ध्याची मगनवाडी. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या त्या जागेत जे. सी. कुमारप्पा यांनी हातकागद, तेलघाणी, मधमाशापालन असे उद्योग शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिले. गावात जे पिकते त्यावरची प्रक्रिया गावातच व्हावी, हा त्यांचा आग्रह होता. मगन संग्रहालय 1938 मध्ये तिथेच उभे राहिले. आज त्याच मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे आणि तिच्या विभागांत वनौषधींवर आधारित उद्योगांचाही विभाग आहे.

दिवाळीत बचत गटांच्या स्टॉलवर उटण्याची पाकिटे असतात. हिंगणीसारख्या गावातल्या बायांना हे काम वाढवायचे असेल तर कच्चा माल त्यांच्या दारात आहे. मार्चमध्ये रसवाल्यांच्या गाड्यांमागे आणि लग्नाच्या पंगतींमागे सालीचे ढीग पडतात, फळे धुऊन सोललेली असतील तर त्यातली स्वच्छ, त्याच दिवसाची साल उचलता येते. घरापुरते करायला कुणाची परवानगी लागत नाही. विक्रीसाठी प्रसाधन बनवायचे तर सौंदर्यप्रसाधने नियम 2020 नुसार परवाना लागतो, आणि तो लागावा हे योग्यच आहे. कारण पाकिटातली पूड दुसऱ्याच्या लेकराच्या अंगाला लागणार असते. त्या पाकिटावर घटकांची नावे, दळल्याचा महिना आणि 'लावून लगेच धुवावे' ही ओळ असली, आणि गोरेपणाचे वचन नसले, तर मगनवाडीच्या जिल्ह्यातला हा उद्योग त्या नावाला शोभेल.