पणजीच्या काडीमोडाचा पुरावा

मणिपूर-मिझोराममधल्या, ज्यू वंशाचा दावा सांगणाऱ्या बेने मेनाशे समाजातल्या सुमारे ५,८०० जणांना २०३०पर्यंत इस्रायलमध्ये नेण्याचा निर्णय तिथल्या सरकारने नोव्हेंबर २०२५मध्ये घेतला. बातमी गोड आहे. तिथे पोचल्यावर त्यांना रीतसर धर्मांतर करावे लागते, ही ओळ मात्र बातमीच्या शेपटाला असते. दारातून आत घेणे वेगळे आणि पंक्तीला बसवणे वेगळे. हा फरक मराठीभाषक ज्यूंनी, म्हणजे आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींनी, साठ वर्षांपूर्वीच भोगला आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कुलाबा जिल्ह्यात 'शनवार तेली' म्हटले गेलेले हे लोक. त्यांच्या ज्यू असण्याबद्दल पेण-रोह्यात कोणी कागद मागितला नव्हता. तो मागितला गेला जेरुसलेममध्ये.

इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायलींची गाऱ्हाणी आधीपासूनच होती. तिथल्या बीरशेबा शहरात काळ्यांनी काळाच पाव खावा, पांढरा गोऱ्यांसाठी, असे ऐकवले गेल्याची तक्रार करत शंभराहून अधिक जण १९५२मध्ये भारतात परतले. पण खरा घाव बसला तो १९६१-६२मध्ये. बेने इस्रायली मुलामुलींचे लग्न इतर ज्यूंशी लावण्याआधी आई, आजी, पणजी अशी जमेल तितकी मागची पिढी तपासा, कोणाचा काडीमोड धर्मशास्त्राप्रमाणे झाला होता की नाही ते पाहा, असा फतवा तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, काढला. यातली विसंगती मराठी वाचकाला चटकन कळेल. शेजारच्या हिंदू घरांसारखीच या समाजातही काडीमोड आणि विधवेचा पुनर्विवाह जवळजवळ नसेच. जे घडलेच नाही, त्याचा पुरावा पणजीच्या नावाने कुठून आणायचा?

रब्बींच्या बाजूने म्हणता येते की नियम जुना होता आणि संशय आला की चौकशी करणे हे त्यांचे कामच. मान्य. पण मग संशय माणसागणिक हवा. अख्ख्या समाजाचे नाव घालून काढलेला नियम ही चौकशी नव्हे, ती पायरी दाखवणे झाले. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: हे बेने इस्रायली स्वतः 'गोरा' आणि 'काळा' असा भेद पाळत होते, काळ्यांशी सोयरीक करत नव्हते. तेही खरे, आणि त्यावर पांघरूण घालू नये. मात्र घरात पाळलेला भेद दारात सोसायची शिक्षा म्हणून कोणी लादू शकत नाही. उलट तो भेद किती पोकळ होता, हे या लढ्याने त्यांनाही कळायला हवे होते. १९६४च्या उन्हाळ्यात बायकामुलांसह ही माणसे जेरुसलेममध्ये ज्यू एजन्सी या स्थलांतराचे काम पाहणाऱ्या संस्थेच्या आवारात ठाण मांडून बसली. दयेची याचना नव्हती. मागणी एकच, आमचे नाव नियमातून काढा. १७ ऑगस्टला क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, बेने इस्रायली सर्व बाबतींत ज्यूच आहेत असे ठरावाने सांगितले. त्या महिन्याच्या अखेरीस रब्बींनीही फतव्यातले 'बेने इस्रायल' हे शब्द खोडले आणि तिथे ज्याच्याबद्दल शंका असेल अशी कोणीही व्यक्ती असा मजकूर घातला. नियम तसाच राहिला, नाव तेवढे गेले.