शाळेच्या वहीवर सही करण्याआधी

दिवाळे गावातल्या आमच्या बचत गटात मागे दुसऱ्या गावाहून एक ताई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी शाळेच्या समितीवर आहे. पण काम काय, तर वही घरी येते आणि मी सही करते." आम्ही सगळ्या हसलो आणि मग गप्प झालो. गटाच्या वहीत दहा रुपयांचा हिशेब लागला नाही, तर आपण सही करत नाही. मग मुलांच्या शाळेच्या वहीवर न वाचता कशी करतो?

म्हणून आज शाळा व्यवस्थापन समितीबद्दल बोलू. शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा. तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यातल्या कलम 21 प्रमाणे सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेत ही समिती असते. तिच्यात किमान 75 टक्के सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या महिला. आपल्या राज्यात अध्यक्ष पालकांमधूनच निवडतात, मुख्याध्यापक सचिव असतात आणि महिन्यातून एकदा तरी बैठक व्हावी लागते. म्हणजे आपण तिथे पाहुण्या नाही.

समितीची मुख्य कामं तीन: शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, शाळेचा विकास आराखडा तयार करणं आणि आलेलं अनुदान कशावर खर्च झालं ते पाहणं.

आता लहानग्यांचं बघू. हा हक्क 6 ते 14 वर्षांच्या मुलांचा आहे. त्याआधी मूल अंगणवाडीत असतं. ती महिला व बालविकास विभागाकडे येते, तिथे शाळेच्या समितीचा हुकूम चालत नाही. पण 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने 3 ते 8 वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. ताराबाई मोडकांनी 1945 साली आपल्याच किनाऱ्यावर, बोर्डीला, गावातल्या बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा विचार. 'अंगणवाडी' शब्दातच तो आहे.

मग समितीतल्या आईने काय करावं? जूनआधीच्या बैठकीला अंगणवाडी सेविकेला बोलवायला सांगावं. यंदा पहिलीत कोण जाणार, त्यांची यादी करावी. कुणाचं नाव राहिलं असेल तर त्या घरी जावं. शाळेतला नळ सहा वर्षांच्या मुलाच्या हाताला पोचतो का, संडासाची कडी त्याला उघडते का, हे स्वतः बघावं. दुसरीतलं मूल वाचायला लागलं का, हे बाईंना विचारावं. जे कमी असेल ते आराखड्यात लिहून घ्यावं. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.

एक अडचण खरी आहे. सकाळी आपण म्हावरं घेऊन बाजारात असतो आणि बैठक नेमकी तेव्हाच लागते. तेव्हा चार-पाच जणींनी मिळून अर्ज द्या, बैठक दुपारनंतर ठेवा म्हणून. एकटीचा अर्ज बाजूला पडेल, पण पाच सह्यांचा पडणं अवघड.

आणि वही घरी आली, तर आधी ती वाचा. वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या. पान कोरं असेल तर सही करू नका. पुढच्या बैठकीत भेटू म्हणा.